केबिन बॅग दर वेळी अडते: डायव्हिंगचं साहित्य हातसामानात नेताना

रेग्युलेटर (पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण) चेक-इनला टाकू नको, हातसामानात ठेव, हा सल्ला डायव्हिंग शिकताना जवळपास प्रत्येकाला मिळतो. सल्ला खरा आहे आणि मी आजही तो पाळते. पण पाळायला लागल्यापासून एक त्रास मागे लागतो: बॅग कुठे ना कुठे अडते. कधी चेक-इनच्या काट्यावर, कधी एक्स-रे यंत्राशी, कधी अगदी विमानाच्या दारात. माझ्या पहिल्या चार प्रवासांपैकी तीनमध्ये अडली. दर वेळी मी घाईघाईत एखादी वस्तू काढून दुसऱ्या बॅगेत कोंबली, पुढच्या वेळी ती घरीच ठेवली, आणि तरी बॅग पुन्हा अडली.

चौथ्या प्रवासानंतर सगळं साहित्य जमिनीवर मांडून बसले तेव्हा मेख लक्षात आली. तिन्ही ठिकाणी बॅग अडण्याचं कारण वेगळं असतं आणि एका ठिकाणचा इलाज दुसऱ्या ठिकाणी उलटतो. मापात बसवायला सामान घट्ट कोंबलं की एक्स-रेवर त्याचा काळा गोळा दिसतो. एक्स-रेसाठी सुटंसुटं ठेवलं की बॅग फुगते आणि दारात अडते. वजन वाचवायला सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये हलवल्या तर तो थेट नियमभंग होतो. त्यामुळे तुमची बॅग कुठे अडते ते आधी नीट आठवा. त्यावरून पुढचा कोणता भाग तुमच्या कामाचा, ते ठरेल.

हातसामानात मुळात काय हवं

वजनाशी झटापट करण्याआधी यादी बरोबर आहे का ते बघावं. ‘महाग ते हातात’ असा हिशेब बरेच जण करतात. मला त्यापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: चेक-इनची बॅग दोन दिवस आलीच नाही, तर उद्या सकाळी मी पाण्यात उतरू शकेन का?

या प्रश्नाने यादी आपोआप लहान होते. मास्क हातात, कारण चेहऱ्याला बसणारा मास्क भाड्याने मिळेलच असं नाही, आणि त्यात नंबरची काच बसवलेली असेल तर मुळीच मिळणार नाही. रेग्युलेटर हातात, कारण तो नाजूक आहे आणि त्यातून श्वास घ्यायचा आहे. डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर, कारण त्यात तुमच्या आधीच्या डाइव्हचा हिशेब असतो. प्रमाणपत्राचं कार्ड आणि पोहण्याचा पोशाख. बस. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट), फिन्स (पायात घालायची पाती) आणि वेटसूट साधारण मापात सगळीकडे भाड्याने मिळतात, सिलिंडर आणि शिशाची वजनं तर तिथलीच घ्यायची असतात. तुमच्या पायाचं किंवा अंगाचं माप नेहमीच्या मापांत बसत नसेल तर बूट किंवा सूट मात्र या यादीत वर चढतात. थंड पाण्यात ड्रायसूट (आत पाणी न शिरू देणारा सूट) वापरणाऱ्यांचीही गोष्ट वेगळी, कारण आपल्या मापाचा ड्रायसूट अनोळखी ठिकाणी मिळणं कठीण.

फिन्सबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून एक हिशेब देते. बऱ्याच विमान कंपन्यांचं हातसामानाचं माप ५५ × ४० × २० सेंटीमीटरच्या आसपास असतं. ५५ आणि ४० या बाजूंचा कर्ण ६८ सेंटीमीटर येतो. पण हे बाहेरचं माप. चाकं, दांडा आणि कडा वजा केल्या तर आतली जागा ५० × ३६ एवढी उरते आणि कर्ण ६२च्या खाली येतो. म्हणजे आखूड प्रवासी फिन्स तिरक्या बसतील, नेहमीच्या लांबीच्या बहुतेक बसणार नाहीत. ‘थोड्या वाकवून’ बसवू नका. पातं वाकलेल्या अवस्थेत तासन्‌तास राहिलं, त्यातून बॅग उन्हात तापली, तर वाक कायमचा बसतो. मग एका पायाला पाणी वेगळं लागतं आणि पोटरीत गोळे येतात.

काट्यावर अडते तेव्हा

हातसामानाची वजनमर्यादा कंपनीनुसार बदलते. ७ किलो ही फार ठिकाणी आढळणारी मर्यादा, काही ठिकाणी ती १० असते. मी ७ धरूनच भरते, कारण प्रवासात दोन विमानं असतील तर दोन्हींमधली कडक मर्यादाच खरी.

त्या दिवशी जमिनीवर मांडलेल्या वस्तू मी एकेक करून तोलल्या. चाकांची केबिन बॅग ३.१ किलो. ऑक्टोपस (श्वास घ्यायचा दुसरा, राखीव भाग) आणि गेजांच्या कन्सोलसह रेग्युलेटर ३.२ किलो. डबीतला मास्क ०.५. कॉम्प्युटर ०.२. टॉर्च आणि बॅटऱ्या ०.६. पाणीबंद घरासह छोटा कॅमेरा १ किलो. एकूण ८.६. इतके दिवस मी टॉर्च काढू की मास्कची डबी काढू यावर डोकं खर्च करत होते, आणि सगळ्यात जड वस्तूंपैकी एक ती बॅगच होती. १.१ किलोची साधी पाठपिशवी घेतली आणि एकही वस्तू न काढता आकडा ६.६वर आला.

म्हणून माझं स्पष्ट मत: काट्यावर अडणाऱ्याने सगळ्यात आधी रिकामी बॅग तोलावी. चाकं आणि दांडा हा आरामाचा भाग आहे, पण ७ किलोच्या मर्यादेत तो रेग्युलेटरच्या जागेवर बसलेला असतो. रेग्युलेटरसाठी मिळणारी फोम भरलेली गोल पिशवीही अशीच. ती पाऊण-एक किलोपर्यंत भरते आणि चौकोनी बॅगेत गोल पिशवी घातली की चारही कोपरे वाया जातात. मी ती वापरणं सोडलं. आता पहिला थर कपड्यांचा, त्यावर रेग्युलेटर, असं भरते.

त्यानंतरची बचत छोट्या छोट्या गोष्टींतून होते. पितळी प्रेशर गेज, खोली दाखवणारा काटा आणि होकायंत्र एकत्र असलेलं कन्सोल बरंच जड असतं. मनगटावर कॉम्प्युटर असेल तर नुसतं प्रेशर गेज पुरतं. जाड रबरी नळ्यांपेक्षा विणलेल्या नळ्या हलक्या आणि लवचीक असतात, पण केवळ वजनासाठी चांगल्या नळ्या बदलू नका. पुढच्या सर्व्हिसिंगला नळ्या बदलायची वेळ आली की तेव्हा विचार करा. कॉम्प्युटर मनगटावर घातला तर तो बॅगेच्या वजनात धरला जात नाही. जाकिटाच्या खिशात कॅमेरा मावत असेल तर तोही.

घरी काटा नसेल तर माणसाच्या वजनकाट्यावर आधी बॅग पाठीवर घेऊन आणि मग नुसतं उभं राहा. फरक म्हणजे बॅगेचं वजन. अशा काट्यात थोडी चूक असते, म्हणून मर्यादेच्या अर्धा किलो खालीच थांबा.

एक्स-रेपाशी अडते तेव्हा

इथे बहुतेकांना वाटतं की अधिकारी विनाकारण त्रास देतात. पडद्यावर त्यांना काय दिसतं ते समजून घेतलं की राग राहत नाही. ही यंत्रं वस्तूंना घनतेनुसार आणि प्रकारानुसार रंग देतात. कापड, रबर, निओप्रीन, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी छटेत, धातू निळ्या छटेत, आणि किरण आरपार जाऊच शकत नाहीत इतकी घन वस्तू काळी. रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरला बसणारा भाग, हा क्रोमचा मुलामा दिलेला पितळेचा ठोकळा. तो काळा दिसणार. त्याला चार-पाच नळ्या जोडलेल्या. शेजारी नळकांड्यासारखी टॉर्च, तिच्यात बॅटऱ्या. जवळच चार्जरची वायर. हे सगळं एकावर एक आलं आणि वरून निओप्रीनच्या बुटांत गुंडाळलेलं असलं, तर पडद्यासमोरच्या माणसाने बॅग उघडायला सांगितलीच पाहिजे. ते त्याचं काम आहे.

माझी जुनी सवय अशीच होती. धक्का लागू नये म्हणून टॉर्च आणि फर्स्ट स्टेज बुटांमध्ये खोचायची. जागा वाचायची, पण बॅग हमखास बाजूला काढली जायची. आता धातू आणि बॅटरी निओप्रीनमध्ये गुंडाळत नाही. बुटात घालायचंच असेल तर मोजे घालते. रेग्युलेटर सगळ्यात वर, नळ्यांचं एक मोठं वेटोळं करून, फर्स्ट स्टेज वेटोळ्याच्या मधोमध. टॉर्च बॅगेच्या एका टोकाला, वायरी आणि चार्जर दुसऱ्या टोकाला.

तपासणीच्या रांगेत लॅपटॉप काढतो तेव्हाच रेग्युलेटरही बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. कोणी सांगितलेलं नसतं, पण याने फार फरक पडतो. एकटा पसरलेला रेग्युलेटर पडद्यावर रेग्युलेटरसारखाच दिसतो. ज्याने आधी पाहिलाय तो लगेच ओळखतो, आणि ज्याने पाहिला नाही त्यालाही समोर ट्रेमध्ये दिसतोच.

विचारलं तर साध्या शब्दांत सांगा: पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण आहे, हा भाग सिलिंडरला बसतो आणि हा तोंडात धरतात, सिलिंडर माझ्याकडे नाही. शेवटचं वाक्य आवर्जून म्हणा, कारण ऐकणाऱ्याला खरी काळजी त्याचीच असते. फोनमध्ये तेच उपकरण घालून पाण्यात असलेला एखादा फोटो ठेवावा. भाषा जुळत नसेल तिथे तो फोटो आणि डायव्हिंगचं कार्ड एवढ्यावर माझं काम झालं आहे. आणि ते तपासत असताना मदत करायला हात पुढे करू नका. त्यांना हाताळू द्या.

तपासणीनंतर निघायची घाई करू नये. फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप (तिच्या तोंडावरचं झाकण) जागेवर आणि कोरडी आहे का, एखादी नळी मुरगळली नाही ना, एवढं तिथेच बघा. दोन्ही माउथपीसवर मी लहान स्वच्छ पिशवी घालून ठेवते. दहा हातांनी हाताळलेली गोष्ट नंतर तोंडात धरायची असते.

बॅग उघडून तपासली गेली असेल तर मुक्कामी पोचल्यावर सिलिंडरशिवाय एक चाचणी करता येते. फर्स्ट स्टेजचं तोंड डस्ट कॅपने किंवा अंगठ्याने घट्ट बंद ठेवा आणि सेकंड स्टेजमधून, म्हणजे तोंडात धरायच्या भागातून, हळूच हवा ओढा. थोडीशी ओढली जाऊन मग अडली पाहिजे. हवा सहज येत राहिली तर कुठूनतरी गळती आहे: फाटलेलं माउथपीस, दुमडलेला पडदा, बाहेर हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कण किंवा सैल झालेली नळी. ऑक्टोपसचीही अशीच चाचणी करा. बोटीवर कळण्यापेक्षा खोलीत कळलेलं केव्हाही बरं, आणि ही चाचणी पास झाली तरी डाइव्हआधीची नेहमीची तपासणी टाळायची नाही.

टॉर्च आणि बॅटऱ्या

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक फक्त बॅग अडवत नाही.

डायव्हिंगची टॉर्च पाण्याने थंड होते. तिची रचनाच तशी असते. मोठ्या ताकदीची टॉर्च हवेत चालू राहिली तर उष्णता जायला वाट नसते, आणि कपड्यांत गुंडाळलेली असेल तर विचारायलाच नको. एकदा प्रवासाच्या आदल्या रात्री मी बॅग भरून ठेवली. सकाळी एक कप्पा हाताला गरम लागला. डोकं फिरवून चालू होणारी टॉर्च होती, भरताना दाब बसून फिरली असावी. तिच्याभोवतीच्या टी-शर्टवर तपकिरी डाग पडला होता. ती बॅग विमानात असती तर काय, हा विचार अजून येतो.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांत पाण्याखालच्या दिव्यांचा वेगळा उल्लेख आहे तो यामुळेच. प्रखर उष्णता निर्माण करू शकणाऱ्या अशा दिव्याची बॅटरी आणि उष्णता देणारा भाग एकमेकांपासून तोडलेले असले पाहिजेत. बॅटरी काढा, किंवा दिव्याचं डोकं काढा, किंवा फ्यूज असेल तर तो काढा. अशा दिव्यांसाठी विमान कंपनीची संमतीही लागते, ती आधी मागून ठेवावी. नुसतं बटण बंद आहे, लॉक केलंय, हे पुरेसं नाही. मी लहान टॉर्चचीही बॅटरी काढतेच.

आता सुट्या झालेल्या बॅटऱ्या. सुटी लिथियम बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही, ती हातसामानातच न्यायची. पॉवर बँकही सुटी बॅटरीच धरली जाते. मर्यादा वॉट-तासात मोजली जाते: १०० वॉट-तासांपर्यंत साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची संमती लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन सुट्या नेता येतात, १६०च्या वर प्रवाशाला नेता येत नाही. काही कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, म्हणून तिकिटासोबतची अट वाचा.

हिशेब सोपा आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. टॉर्चमध्ये येणारी २१७०० आकाराची बॅटरी ३.६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची असेल तर १८ वॉट-तास. अगदी आत. गुहेत जाणाऱ्यांच्या, वेगळ्या डब्यात बॅटरी असलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी. १४.४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे १४४, संमती लागणार. तोच १२ अँपिअर-तासांचा असेल तर १७२.८, म्हणजे विमानात जाणारच नाही. विकत घेताना हा गुणाकार करून घ्या, विमानतळावर करण्यात अर्थ नाही. आणि बॅटरीवर व्होल्ट आणि क्षमता छापलेली असलेली बरी. छापील आकडा पुसला गेलेली बॅटरी माझ्या मैत्रिणीकडून एकदा काढून घेतली गेली. तिच्याकडे सिद्ध करायला काहीच नव्हतं.

प्रत्येक बॅटरी प्लास्टिकच्या डबीत, किंवा दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून. किल्ल्या, नाणी, बोल्ट स्नॅप (साहित्य अडकवायचे धातूचे हूक) यांच्यासोबत सुटी बॅटरी कधीच नाही. दोन टोकं धातूने जोडली गेली की झालं.

दारात अडते तेव्हा

विमान भरलेलं असतं, वरचे कप्पे संपतात आणि कर्मचारी तुमची बॅग खाली सामानात टाकायला मागतात. इथे वाद घालून उपयोग नसतो आणि मागे रांग उभी असते. पण याच क्षणी सगळ्यात मोठी चूक होते: सुट्या बॅटऱ्या बॅगेसकट खाली जातात. त्या काढून जवळ ठेवणं बंधनकारक आहे, मग बॅग कितीही गच्च भरलेली असो.

यावरचा उपाय इतका साधा आहे की पहिल्याच प्रवासापासून का सुचला नाही, असं वाटतं. बॅटऱ्या, पॉवर बँक, कॉम्प्युटर, कार्ड, औषधं असलेली एक छोटी पिशवी बॅगेच्या अगदी वर ठेवायची. बॅग मागितली की पिशवी उचलायची आणि बॅग द्यायची. मास्क वर असेल तर तोही हातात घ्यावा. रेग्युलेटर राहिला खाली तर राहू दे, म्हणूनच तो कपड्यांच्या थरावर ठेवलेला असतो आणि डस्ट कॅप बसवलेली असते. ‘श्वास घेण्याचं नाजूक उपकरण आहे’ असं सांगून एकदा मला रेग्युलेटर हातात धरून आत जाऊ दिलं, पण त्यावर विसंबू नका.

बॅग मापाच्या चौकटीत बसत नाही म्हणून अडत असेल तर दोष बहुधा नळ्यांच्या वेटोळ्याचा असतो. लहान वेटोळं घातलं की नळ्या एकमेकींवर चढून मध्ये ढिगारा होतो, शिवाय जोडापाशी त्या तीव्र वळतात आणि तिथे कालांतराने तडे जातात. बॅगेच्या कडेकडेने जाणारं मोठं, चपटं वेटोळं घाला. जाडी निम्मी होते.

चाकू, पक्कड, गोंद

हे पटकन आटोपते. चाकू, दोर कापायचं कटर, प्रवाहात अडकवायचा धातूचा हुक, सिलिंडर वाजवायची धातूची कांडी, पाने आणि पक्कड: सगळं चेक-इनमध्ये. कात्री आणि लहान हत्यारांच्या लांबीचे नियम देशोदेशी निराळे आहेत, एका विमानतळावर चालली ती परतीच्या विमानतळावर जप्त होऊ शकते. फक्त हातसामानावर प्रवास करत असाल तर कापायचं साधन तिथेच मागून घ्या, पण त्याशिवाय पाण्यात उतरू नका. मास्कवर धुकं धरू नये म्हणून लावायचं द्रव्य आणि सिलिकॉन ग्रीस १०० मिलीलीटरच्या नियमात येतात आणि द्रवांच्या पारदर्शक पिशवीत जातात. काही विमानतळांवर नव्या यंत्रांमुळे हा नियम सैल झाला आहे, पण परतीच्या विमानतळावर तो जुनाच असू शकतो. निओप्रीन चिकटवायचा गोंद ज्वालाग्राही असतो, तो कुठल्याच बॅगेत नको. संकटात पेटवायच्या ज्योतीही तशाच.

सिलिंडर कोणी नेत नाही, तरी विचारणा होते म्हणून: भरलेला सिलिंडर नेता येत नाही. व्हॉल्व्ह पूर्ण काढून आतलं दिसेल असा उघडा ठेवला तर काही ठिकाणी चालतो. तेवढा खटाटोप करण्यासारखं काही नाही.

कॅमेऱ्याचं घर उघडतच नाही

ही तक्रार वेगळी वाटते, पण तिचं मूळ प्रवासातच आहे. उड्डाणात केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा खाली येतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशाच्या जवळपास. कॅमेऱ्याचं पाणीबंद घर जमिनीवर बंद केलेलं असेल तर आतला दाब जास्त राहतो आणि थोडी हवा सीलमधून निसटू शकते. खाली उतरल्यावर बाहेरचा दाब परत वाढतो आणि झाकण आत ओढून धरलं जातं. ३० × २० सेंटीमीटरच्या झाकणावर पाव बार दाबाचा फरक म्हणजे सुमारे १५० किलो भार. हाताने कसं उघडेल? वाढीव दाबाने उलट दिशेला सील सरकण्याचा धोकाही असतो. म्हणून प्रवासात ओ-रिंग (सीलची रबरी कडी) काढून छोट्या पिशवीत ठेवा, किंवा झाकण नुसतं टेकवून ठेवा. दाब समान करायचा व्हॉल्व्ह असलेल्या कडक डब्यांत तो व्हॉल्व्ह उघडा ठेवा.

बीसीडी आणि पृष्ठभागावर सोडायचा फुगा यांच्यातली हवाही याच कारणाने पिळून काढायची. राहिलेली हवा वर गेल्यावर सुमारे एक तृतीयांशाने फुगते. बॉइलचा नियम विमानातही लागू होतोच.

परतीच्या वेळी पुन्हा अडते

जाताना ६.६ किलो आणि येताना ७.४, सामान तेच. हे माझ्या बाबतीत दोनदा झालं आणि दोन्ही वेळा मी बाहेर काढायला एखादी वस्तू शोधत बसले. जास्तीचं वजन पाण्याचं होतं. फोमची पिशवी, विणलेल्या नळ्यांचं आवरण, बूट, मास्कचा कापडी पट्टा, पोहण्याचा पोशाख: प्रत्येकात थोडं थोडं. बीसीडीच्या पिशवीत तर अर्धा लीटर सहज राहतं, म्हणजे अर्धा किलो.

वाळवायला वेळ मिळत नाही, अशी सबब असते. पण तो वेळ नियमानेच आपल्या हातात दिलेला आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेने २००२मध्ये घेतलेल्या कार्यशाळेतून आलेल्या शिफारशींनुसार डीकॉम्प्रेशन थांबे (वर येताना ठरावीक खोलीवर थांबणं) न लागलेल्या एकाच डाइव्हनंतर उड्डाणाआधी किमान १२ तास थांबायचं, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास, आणि डीकॉम्प्रेशनचे थांबे घेतले असतील तर १८पेक्षा बरंच जास्त. कॉम्प्युटरने याहून जास्त सांगितलं तर कॉम्प्युटरचं ऐका. शेवटची डाइव्ह सकाळी ११ला संपली तर दुसऱ्या दिवशी पहाटे ५च्या आधी विमान नाहीच. यातले कामाचे तास म्हणजे सूर्य मावळेपर्यंतचे सहा-सात. रात्री दमट हवेत काहीच वाळत नाही.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. बोटीवरून उतरल्यावर पहिलं काम साहित्य गोड्या पाण्यात बुडवणं. डस्ट कॅप कोरडी करून बसवलेली आहे ना ते आधी बघा, आणि पाण्यात असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी नळीतून वर फर्स्ट स्टेजकडे जातं. मग रेग्युलेटर अशा रीतीने टांगा की सेकंड स्टेज खाली राहील आणि तिच्यातलं पाणी निथळून जाईल. बीसीडीत थोडी हवा भरून उलटी धरा, कोपऱ्यातलं पाणी इन्फ्लेटरच्या (हवा भरायच्या) नळीतून बाहेर काढा, दोन-तीनदा करा. सगळं सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात निओप्रीन आणि सिलिकॉन दोन्ही लवकर खराब होतात. जाड वस्तू आधी वाळत घाला, कारण त्यांना वेळ जास्त लागतो. पोशाख आणि पट्टे शेवटी घातले तरी चालतात. बूट रात्रीपर्यंत ओले राहिले तर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, टॉवेल बरंचसं पाणी शोषून घेतो.

कॉम्प्युटर पुसून पूर्ण कोरडा करा. पाण्याच्या स्पर्शाने चालू होणाऱ्या मॉडेलमध्ये ओल राहिली तर ते बॅगेत चालूच राहतं आणि पुढच्या प्रवासाला बॅटरी रिकामी मिळते.

रात्री बॅग भरण्याआधी पुन्हा तोला. आकडा जातानाच्या आकड्यापेक्षा २०० ग्रॅमहून जास्त निघाला, तर अजून कुठेतरी पाणी आहे. बुटांच्या तळव्यात हात घालून बघा, बहुतेक वेळा ते तिथेच असतं.